शिकारीसाठी घरी बांधलेली मिनी बाइक: काय घ्यावं, काय घेऊ नये

ज्यांना वेळ नाही त्यांच्यासाठी आधी निकाल सांगून टाकतो. इंजिन घ्या. टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे गिअर आपोआप बदलणारी पुली-पट्ट्याची जोडी, डोळे झाकून घ्या. फ्रेमचं किट मात्र फुकट मिळालं तरी दोनदा विचार करा. बाकीच्यांनी चहा घेऊन बसा.

मी मूळचा कोल्हापूरचा. उद्यमनगरात अण्णांचं लेथचं छोटं वर्कशॉप होतं, शाळा सुटली की माझी संध्याकाळ तिथल्या लोखंडाच्या किसात जायची. आता मिशिगनमध्ये, ग्रँड रॅपिड्सच्या उत्तरेला तासाभरावर राहतो. शेजारी एक आजोबा आहेत, वय ७३. मनातल्या मनात मी त्यांना तात्या म्हणतो, कारण मिशा सोडल्या तर हुबेहूब आमच्या गल्लीतले तात्या. त्यांची ४० एकर जमीन आहे. इथे एका चौरस मैलाचे १६ सारखे तुकडे केले की एक 'फॉर्टी' होते, आणि अशी फॉर्टी बाळगून असणं ही गावाकडच्या लोकांची शान असते. तात्यांच्या फॉर्टीत अर्धं रान सीडरच्या दलदलीचं. घरापासून त्यांची शिकारीची खोपी सहाशे मीटर. तसं काहीच नाही, पण मागच्या वर्षी खुब्याचं ऑपरेशन झालं आणि ते सहाशे मीटर त्यांना पन्हाळ्याच्या चढासारखे झाले.

रानात चालणारी चार चाकी एटीव्ही त्या पायवाटेत मावत नाही, मावायची तर झाडं तोडावी लागतील, आणि झाडांना तात्या हात लावू देत नाहीत. रोकॉन नावाची एक अमेरिकी मोटरसायकल साठच्या दशकापासून बनते. तिची दोन्ही चाकं ओढतात, चाकं आतून पोकळ, त्यात पेट्रोल नाहीतर पाणी भरून नेता येतं. शिकाऱ्यांची ती स्वप्नातली गाडी. किंमत ऐकून तात्यांनी कॉफीचा मग खाली ठेवला. तयार मिनी बाइकही, म्हणजे छोट्या इंजिनाच्या बुटक्या मोटरसायकली, दुकानात जाऊन बघितल्या, पण तात्यांचा पाय सीटवरून पलीकडे जाईना. त्यांना हवी होती लुना. मधून पाय घालता येईल, बसता येईल, चिखलातून बैलासारखी हळू ओढेल. त्यांना लुना हा शब्द माहीत नाही, मागणी मात्र नेमकी तीच होती.

म्हणून घरी बांधायची ठरली. पैसे तात्यांचे, हात माझे, आणि व्हिडिओ कॉलवरून शिव्या अण्णांच्या.

फ्रेमचं किट

हे ऑनलाइन घेतलं, ४२० डॉलर. दुकानाचं नाव देत नाही, भांडण वाढवायचं नाही. चित्रात सुंदर दिसत होतं: मधून पाय जाणारी फ्रेम, पुढचा फोर्क, दोन चाकं, १९ इंची जाड टायर, ६० दातांचं मागचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक), ड्रम ब्रेक. खोकं उघडलं आणि अण्णांना कॅमेऱ्यातून मानेचा जोड दाखवला, जिथे हॅंडलची नळी फ्रेमला मिळते तो. अण्णा चष्मा पुसून म्हणाले, "हे वेल्डिंग हाय का कावळ्यानं घाण केलीया?"

इथे जरा थांबतो, कारण असली गाडी बांधणारा प्रत्येक जण याच जोडावर फसतो. नेहमीच्या फ्रेमला मानेपासून सीटपर्यंत वरून एक नळी जाते. खड्डा लागला की पुढचं चाक मान मागे ढकलतं आणि ती वरची नळी तो दणका घेते. पाय घालायला जागा हवी म्हणून ती नळी काढली, की सगळा पीळ एकट्या खालच्या नळीवर आणि तिच्या जोडावर येतो. त्यात या गाडीला शॉक अॅब्सॉर्बर नाहीत, टायरमधली हवा हेच काय ते सस्पेन्शन. म्हणजे तिथे जाड पत्र्याची तिकोनी पट्टी दोन्ही बाजूंनी हवीच. किटमध्ये नव्हती. मी जोड ग्राइंडरनं उघडला तर आत वेल्डिंग नळीत उतरलंच नव्हतं, वरवर लिंपलेलं होतं.

दुसरी गंमत इंजिनाच्या पाटाची. भोकं सहा मिलिमीटर सरकलेली. सहा मिलिमीटरनं काय होतं? चेन तिरकी पळते, दर शंभर मीटरला उतरते. तक्रार केली तर उत्तर आलं, वॉशर लावून बघा. वॉशर! उद्यमनगरात असं बोललेल्या माणसाला चहा मिळाला नसता.

शेवटी पाट कापून नवा बसवला. अण्णांची पद्धत: आधी चार टाके मार, मग गुण्या लाव, मग दोरी धर, आणि सगळं जुळलं तरच पूर्ण शिवण मार. मी घाईत एका बाजूची पूर्ण शिवण आधी मारली, पाट तापून ओढला गेला, पुन्हा कापला. हे दोनदा. दुसऱ्यांदा अण्णांना सांगितलंच नाही.

इंजिन

२१२ सीसी, साडेसहा हॉर्सपॉवर, एक सिलिंडर, दोरी ओढून चालू होणारं. होंडाच्या जीएक्स-२०० च्या धर्तीवर चीनमध्ये बनतं, म्हणून मिनी बाइकवाले याला नुसतं 'क्लोन' म्हणतात. पाण्याचे पंप, जनरेटर, लाकूड फोडायची यंत्रं, सगळीकडे हेच कुटुंब, त्यामुळे सुटे भाग कुठेही मिळतात. सेलमध्ये १५० डॉलरला मिळालं. अर्ध्या लिटरच्या आसपास ऑइल घातलं, चोक ओढला, तिसऱ्या झटक्याला चालू. यात मला काही सुधारायचं सुचेना, आणि ही माझ्याकडून मोठी स्तुती आहे.

पोरं पहिली काय करतात तर गव्हर्नर काढून टाकतात. गव्हर्नर हे इंजिन मिनिटाला ३,६०० फेऱ्यांवर अडवून धरतो. तो काढला की इंजिन किंचाळत वर जातं, आणि मजा येते हे खरं. पण आतला कनेक्टिंग रॉड साध्या ओतीव अॅल्युमिनियमचा, फ्लायव्हील बिडाचं. ते जास्तीच्या फेऱ्यांसाठी बनलेलंच नाही. रॉड तुटला तर इंजिन गेलं एवढंच. फ्लायव्हील फुटलं तर त्याचे तुकडे जिथे जातात तिथे, या गाडीवर, बसणाऱ्याच्या मांड्या असतात. ज्यांना वेग हवा ते दोन्ही भाग भक्कम घालून मग गव्हर्नर काढतात. तात्यांना वेग नको होता. गव्हर्नर जागेवर आहे.

एक खोड मात्र ध्यानात ठेवा. या इंजिनांत ऑइल कमी झालं की ठिणगी बंद करणारा सेन्सर असतो. एका जागी उभ्या पंपासाठी तो उत्तम. उतारावर, खड्ड्यात ऑइल हिंदकळलं की त्याला वाटतं ऑइल संपलं, आणि गाडी दलदलीच्या मधोमध गप्प. मी त्याची वायर काढून ठेवली आणि टाकीवर पेनानं लिहिलं: रोज ऑइल बघणे. मराठीत लिहिलं, तात्यांना वाचता येत नाही, पण बघतात.

टॉर्क कन्व्हर्टर

९० डॉलर. सगळ्या खर्चातले हे सर्वांत सार्थकी लागलेले पैसे.

स्वस्तातल्या मिनी बाइकला साधा सेंट्रिफ्युगल क्लच असतो. इंजिन वेगात फिरलं की आतली बुटं बाहेर फेकली जातात, ड्रमला चिकटतात, चेन फिरते. सपाट रस्त्यावर ठीक. चिखलात, चढावर, मागे वजन बांधून हळू चालवलं की बुटं धड चिकटत नाहीत आणि धड सुटतही नाहीत, घासत राहतात, निळी पडतात, जळतात. शिकारीच्या गाडीचं सगळं काम नेमकं याच अवस्थेतलं.

कन्व्हर्टर म्हणजे आपल्या कायनेटिक होंडातलं व्हेरिओमॅटिक. इंजिनावर एक पुली, मागे एक पुली, मध्ये पट्टा. सुरुवातीला पट्टा पुढच्या पुलीत खोल आणि मागच्या पुलीत काठावर, म्हणजे पहिला, ओढीचा गिअर. वेग वाढला की पुढची पुली आवळते, पट्टा वर चढतो, मागची उघडते. लहान इंजिनांसाठी कॉमेट कंपनीचा टीएव्ही-२ हा यातला नावाजलेला नमुना. मी घेतला तो त्याच मापाचा नकली. गुणोत्तर साधारण २.७ पासून ०.९ पर्यंत आपोआप बदलतं. तात्यांना फक्त अॅक्सिलरेटर पिळायचा.

बसवताना मी एक पक्का मूर्खपणा केला. या मापाच्या कन्व्हर्टरचा पट्टा दोन्ही बाजूंनी सारखा नसतो. एक बाजू सरळ, एक तिरकी. सरळ बाजू इंजिनाकडे यायला हवी. मी उलटा घातला. गाडी चालली, पण दहा मिनिटांत जळक्या रबराचा असा वास सुटला की बायको गॅरेजमध्ये येऊन म्हणाली, टायर पेटवलेत का? पट्ट्याच्या कडा झिजून त्याची वात झाली होती. नवा पट्टा २० डॉलर. तेव्हापासून सीटखालच्या पिशवीत एक जादा असतो, आणि पट्टा नसेल तर ही गाडी म्हणजे ढकलायचं लोखंड, त्यामुळे तुम्हीही ठेवा.

मग गिअरचा हिशेब. कन्व्हर्टरच्या शाफ्टवर १० दात, मागे किटमधले ६०. पूर्ण फेऱ्यांना कागदावर ताशी ६० किलोमीटर. शॉक नसलेल्या गाडीवर, नव्या खुब्याच्या माणसाला? मागे ७२ दातांचं स्प्रॉकेट घातलं. कमाल वेग ५० वर आला, ओढ २० टक्क्यांनी वाढली. आता ती माणसाच्या चालीनं, न गुरगुरता, मुळांवरून चढते. बदल्यात स्प्रॉकेट मोठं झाल्यानं त्याची कड जमिनीपासून जेमतेम आठ-नऊ सेंटिमीटरवर आली. काटक्या, शेवाळ, चिखल सगळं चेनमध्ये. चेनगार्ड करायचा आहे.

ब्रेक, आवाज आणि घसरगुंडी

किटला ब्रेक फक्त मागे होता. पुढे मी सायकलीचा डिस्क ब्रेक लावून बघितला, हसू नका, एवढ्या वेगाला तो पुरतो. आवाजासाठी गवत कापायच्या ट्रॅक्टरचा मोठा सायलेन्सर बसवला, त्यात ठिणगी अडवणारी जाळी आहे, ती वाळक्या रानात हवीच. तरी हरणाला ऐकू जाणारच. तात्यांचं म्हणणं, हरीण एकसारख्या आवाजाला बुजत नाही, आवाज अचानक थांबला की पळतं. खरं-खोटं हरणाला माहीत. ते गाडी खोपीच्या बऱ्याच अलीकडे लावतात आणि उरलेलं काठी टेकत जातात. बंदूक गाडीवर असेपर्यंत रिकामी आणि पिशवीत, इथला कायदाच तसा आहे.

हरीण आणायला मागे प्लास्टिकची घसरगाडी. आधी दोरीनं बांधली होती. सरावाला त्यात ५० किलोची मिठाची पोती घातली. उतारावर ब्रेक लावला आणि घसरगाडी थेट मागच्या चाकावर आली, मी हॅंडलवरून चिखलात. आता दोरीऐवजी लोखंडी नळीचा दांडा आहे, दोन्ही टोकांना कडी. मागचा माल मागेच राहतो.

मिशिगनमध्ये बंदुकीनं हरणाच्या शिकारीचा मोसम १५ नोव्हेंबरला उघडतो आणि ३० ला संपतो. परवाना लागतो, अंगावर भगवा-नारिंगी कपडा सक्तीचा. आपल्याकडे १९७२ च्या कायद्यानं हा विषयच बंद झाला, आणि दाजीपूरला गवे बघत मोठा झालेल्या मला ते बरंच वाटतं. मी बंदूक धरत नाही. गाडी मात्र मी तपकिरी रंगवली होती, हरणासारखी! तात्यांनी बघितलं, काही बोलले नाहीत, आत गेले आणि नारिंगी स्प्रेचा डबा घेऊन आले.

१५ तारखेला पहाटे साडेपाचला, शून्याखाली सहा अंशांत, दोरी चौथ्या झटक्याला लागली. दुपारी तात्या मादी हरीण घेऊन परत आले, स्वतः, बसून. मला फोनवर म्हणाले, तुझी ती छोटी वस्तू बरी आहे. मिशिगनचे म्हातारे याहून जास्त बोलत नाहीत. मागच्या पायाचा एक तुकडा माझ्या वाट्याला आला. त्याचा तांबडा रस्सा केला, चरबी अगदी कमी असल्यानं तेल जास्त लागलं. तात्यांनी दोन वाट्या घेतल्या आणि पुढची वीस मिनिटं पाणी पीत बसले.

एकूण खर्च पट्टा, रंग आणि वाया गेलेलं लोखंड धरून ९०० डॉलरच्या आसपास. तयार मिनी बाइक याहून स्वस्तात मिळते, हे प्रामाणिकपणे सांगतो. तुमचा पाय सीटवरून पलीकडे जात असेल तर तीच घ्या. नसेल जात आणि वेल्डिंग येत असेल, तर इंजिन आणि कन्व्हर्टर विकत घ्या, फ्रेम स्वतः नळी वाकवून करा. किट दुरुस्त करण्यात माझे चार शनिवार गेले, नवी फ्रेम तीन शनिवारांत झाली असती.

अण्णांनी फोटो बघून विचारलं, चेनगार्ड कुठाय? या शनिवारी करतो म्हणालो.