‘फक्त पुरुषांसाठी’ असं वाचून मी पैसे भरले

त्या ऑनलाइन समुपदेशनाची माझी सगळी सेशन्स गाडीत झाली. सोसायटीच्या पार्किंगमध्ये, काचा वर करून, मोबाइल स्टिअरिंगला टेकवून. घरात बायको, मुलं आणि आई. कुणाच्या कानावर काही जाऊ नये म्हणून दर मंगळवारी रात्री साडेनऊला काहीतरी कारण काढून मी खाली उतरायचो. तिथे बसून ज्या माणसापुढे मी रडलो, त्यानेच पुढे त्या रडण्याची मला धमकी दिली. पोलीस आणि दवाखाना सोडला तर सात महिने हे घराबाहेर कुणाला बोललो नव्हतो. आता लिहितोय, कारण माझ्यासारखे आणखी कितीतरी जण आत्ता याच शोधात असतील.

मी नाशिकला राहतो, सातपूर एमआयडीसीत एका कंपनीत क्वालिटीला आहे. वय ४३. गेल्या वर्षी दिवाळीनंतर वडील गेले. दहावा-तेरावा उरकला, आईला सावरलं, बहिणींना सावरलं आणि पंधराव्या दिवशी कामावर हजर झालो. मला रडू आलंच नाही. राग मात्र यायला लागला. लाइनवर पोरांवर डाफरायचो, रात्री तीनला टक्क जागा असायचो. एकदा धाकट्याच्या हातून पाण्याचा ग्लास सांडला, तर मी असा ओरडलो की तो टेबलाखाली जाऊन बसला आणि अर्धा तास बाहेर आला नाही.

फॅमिली डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, “डिप्रेशन प्रत्येकाचं रडकंच असतं असं नाही. पुष्कळ पुरुषांमध्ये ते चिडचिडीतून, दारूतून, नाहीतर कामात स्वतःला गाडून घेण्यातून बाहेर येतं.” एस्सिटालोप्राम ही डिप्रेशनवरची गोळी सुरू केली आणि सिव्हिलच्या मानसोपचार विभागाला चिठ्ठी दिली. ती चिठ्ठी मी पाकिटात घडी करून ठेवली. सिव्हिलच्या रांगेत कंपनीतलं कुणी भेटलं तर काय सांगायचं, एवढाच विचार डोक्यात होता.

मग एका रात्री मोबाइलवर शोधलं: पुरुषांसाठी समुपदेशक. दोन दिवसांत जाहिरातींचा पाऊस सुरू झाला. त्यातली एक मनाला भिडली. पुरुषांच्या मानसिक आरोग्याचे तज्ज्ञ, मराठीतून, संपूर्ण गोपनीय, घरबसल्या, पहिलं सेशन ९९ रुपये. मला जे हवं होतं ते सगळं त्यात होतं. कुठे जायला नको, कुणाला दिसायला नको.

पहिलं बोलणं वीस मिनिटांचं झालं. माणूस बोलायला गोड होता. त्याने विचारलं, “वडिलांनी तुम्हाला शेवटचं जवळ कधी घेतलं होतं?” आणि माझा बांध फुटला. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा. मी डोळे पुसतोय तोवर त्याने पॅकेज सांगितलं: बारा सेशन्स, एरवी ४० हजार, आज रात्री बाराच्या आत भरले तर २६ हजार. मी म्हटलं, बायकोला विचारून उद्या कळवतो. तर म्हणाला, “साहेब, तुमचं दुखणं नेमकं इथेच आहे. एक निर्णय तरी पुरुषासारखा स्वतः घ्या.” मी त्याच मिनिटाला यूपीआयने पैसे पाठवले. खातं कुणा व्यक्तीच्या नावावर होतं. पावती आजपर्यंत मिळालेली नाही.

ज्या गोष्टीवर उपचार घ्यायला मी गेलो होतो, तीच त्याने मला विकायला वापरली. पुरुषाने एकट्याने सोसावं, कुणाला विचारू नये, या समजुतीनेच मी आजारी पडलो होतो आणि त्याचा सगळा धंदा त्याच समजुतीवर उभा होता. हे मला फार उशिरा कळलं.

तिसऱ्या सेशनला त्याने नवरा-बायकोच्या संबंधांबद्दल खोदून खोदून विचारलं. आणि लगेच, तुमचं टेस्टोस्टेरॉन कमी झालंय, आमची पावडर घ्या, ४,८०० रुपये. रक्ततपासणी नाही, काही नाही. चौथ्या वेळी म्हणाला, डॉक्टरच्या गोळ्या तुम्हाला कमकुवत करतायत, आजपासून बंद करा. मी केल्या. तिसऱ्या दिवशी चक्कर, मळमळ, मान वळवली की डोक्यात विजेचा बारीक झटका बसल्यासारखं. प्रेसवर काम करणाऱ्या पोराशी बोलताना मला भिंतीचा आधार घ्यावा लागला. त्या समुपदेशकाला फोन केला तर म्हणाला, शरीरातलं विष बाहेर पडतंय. या गोळ्या एकदम तोडल्या की असा त्रास होऊ शकतो, त्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करायच्या असतात, हे नंतर मानसोपचारतज्ज्ञांनी सांगितलं. पैसे गेले त्याचं दुःख आहेच, पण या एका सल्ल्यासाठी मी त्याला कधीही माफ करणार नाही.

मी उरलेल्या आठ सेशन्सचे पैसे परत मागितले. दोन दिवस उत्तर नाही. मग मेसेज आला: तुमची सगळी सेशन्स रेकॉर्ड केलेली आहेत, केस फाइल बंद करायची फी १५ हजार. पुढे माझ्या कंपनीचं नाव लिहिलं होतं, एवढंच. मी ७ हजार पाठवले. एकूण ३७,८९९ रुपये गेले. त्या रात्री गाडीतून वर जायला माझे पाय उचलेनात. मनात जे विचार आले ते इथे लिहीत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या (एनसीआरबी) २०२२ च्या आकडेवारीत देशात आत्महत्या केलेल्या १,७०,९२४ जणांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक पुरुष होते आणि सर्वांत जास्त आत्महत्या महाराष्ट्रात झाल्या होत्या. त्या रात्रीनंतर हा आकडा मला नुसता आकडा वाटत नाही.

मी गाडीतूनच १४४१६ लावला. केंद्र सरकारची ही टेली-मानस हेल्पलाइन २०२२ पासून चालू आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतूनही. पलीकडच्या बाईंनी माझं नावही आधी विचारलं नाही. “तुम्ही आत्ता सुरक्षित आहात ना? घरात कुणाला उठवता येईल?” एवढंच विचारलं. मी वर गेलो आणि बायकोला उठवलं. तिने सगळं ऐकलं, आणि पहिलं वाक्य काय बोलली असेल तर, “अहो, इतके दिवस तुम्ही त्या गाडीत एकटे बसत होतात?” पैशांचा विषय तिने आजवर काढलेला नाही.

दुसऱ्या दिवशी दोघं सायबर पोलिसांकडे गेलो. मेसेज, यूपीआयचे व्यवहार, स्क्रीनशॉट सगळं दिलं. तिथले हवालदार म्हणाले, पैसे गेल्यागेल्या १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला असता तर खात्यातली रक्कम थांबवायला वाव होता. धमकी आली की कुणालाही अजून एक रुपया देऊ नका आणि लाजेने चॅट डिलीट करू नका. तोच पुरावा असतो.

आता मी सिव्हिललाच जातो. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. तिथल्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान आहेत. ‘पुरुषांच्या तज्ज्ञ’ अशी पाटी त्यांच्या दारावर नाही. पहिल्याच भेटीत त्यांनी आपलं शिक्षण सांगितलं. इथलं बोलणं बाहेर जाणार नाही, पण तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका दिसला तर मला सांगावं लागेल, हेही आधीच स्पष्ट केलं. गोळ्यांचं डॉक्टर बघतील, मी त्यात पडणार नाही, म्हणाल्या. किती भेटी लागतील विचारलं, तर आत्ता सांगता येणार नाही, असं सरळ उत्तर. मला वडिलांबद्दल बोलायला तिसरी भेट उजाडली आणि त्यांनी घाई केली नाही.

पुरुषांसोबत खास काम करणारे चांगले समुपदेशक नसतातच असं मी म्हणत नाही. ते असतात, आणि त्यांची गरजही फार आहे. पण ती पाटी म्हणजे पदवी नव्हे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्याची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे असावी लागते. नोंदणी क्रमांक मागा आणि त्यांच्या वेबसाइटवर नाव तपासा. मानसोपचारतज्ज्ञ हे डॉक्टर असतात, त्यांची नोंद महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे. गोळी लिहायची किंवा बंद करायची ती डॉक्टरांनीच. नुसतं ‘समुपदेशक’, ‘कोच’, ‘वेलनेस एक्स्पर्ट’ मात्र कुणीही स्वतःला म्हणवू शकतो, म्हणून तिथे मानसशास्त्रातली पदवी कुठली, प्रत्यक्ष शिक्षण कुणाच्या हाताखाली घेतलं, हे विचाराच. खऱ्या माणसाला या प्रश्नाचा राग येत नाही. आणि रडत असताना कुणी पैशांची गोष्ट काढली तर फोन ठेवून द्या. उद्या बोलू म्हणा.

मी यातलं काहीच विचारलं नव्हतं. त्याच्या पाठीमागे भिंतीवर एक सोनेरी फ्रेम होती, तीच मला पुरेशी वाटली होती. पोलिसांना द्यायच्या स्क्रीनशॉटमध्ये ती मोठी करून पाहिली, तेव्हा अक्षरं लागली: दोन दिवसांची कार्यशाळा, सर्टिफिकेट ऑफ पार्टिसिपेशन.

तक्रारीचा तपास अजून चालू आहे. पैसे मिळालेले नाहीत, रेकॉर्डिंगही कुठे आलेलं नाही. त्याचा जुना नंबर बंद आहे. गेल्या आठवड्यात मात्र मोबाइलवर नवीन नावाने एक जाहिरात दिसली, आता दाढी वाढवलेला, सेशन १४९ रुपये. मागे तीच सोनेरी फ्रेम होती. तिचा स्क्रीनशॉट त्याच दिवशी तपास अधिकाऱ्यांना पाठवलाय.