बाटलीतल्या ढगाचा संच: सात महिने वापरून, दुसरा वायसर फाटल्यावर

काल झाकणाखालचा वायसर पुन्हा फाटला. सात महिन्यांत दुसऱ्यांदा. म्हणून लिहायला बसलो.

संचात काय काय येतं ते सांगत बसत नाही. तळाशी चमचाभर पाणी, विझलेल्या काडीचा जरासा धूर, पंपाने दाब भरायचा आणि कळ दाबून तो एकदम सोडायचा. फट्ट! बाटली आतून पांढरीफटक. पुन्हा पंप मारला की हवा तापते आणि ढग विरतो. पहिल्या आठवड्यात शंभरेक वेळा तरी केलं असेल. एकच सांगतो, पंप मारल्यावर मिनिट-दोन मिनिटं थांबा. दाबलेली हवा गरम झालेली असते, ती आधी निवू द्या.

आता वायसर. एवढ्या जाड बाटलीला हा असला पापुद्रा? ग्राहक सेवेला तीन फोन, दोनदा फोटो. उत्तर ठरलेलं: ‘सर, झाकण घट्ट लावून बघा.’ अहो, घट्ट लावूनच फाटला ना! मग कळलं, रबरी भाग वॉरंटीत येतच नाहीत. शेवटी सायकलच्या जुन्या ट्यूबमधून गोल कापून बसवला. फुकटात झाला, आणि कंपनीच्या वायसरपेक्षा जास्त टिकला.

इथवर एकच स्टार द्यायचं पक्कं होतं. पण काल फाटक्या वायसरसकट बाटली तशीच टेबलावर राहिली. दाब वातावरणाच्या दुप्पट होता, तो फुसफुसत दहा मिनिटांत उतरला. तीच हवा, तेच पाणी, तोच धूर. ढगाचा पत्ता नाही, बाटलीतला थर्मामीटर २७ अंशांवरून हलला नाही. बाहेर पडायला जागा करताना वायू भोवतालच्या हवेला ढकलतो, आणि ते काम स्वतःच्या उष्णतेची पदरमोड करून करतो, म्हणून गार होतो. सावकाश सोडला तर बाटलीच्या भिंती त्याला उष्णता उसनी देत राहतात आणि तूट दिसतच नाही. सगळी गंमत झटक्यात आहे, हे मला फाटक्या वायसरने शिकवलं.

पुस्तिकेत यातलं काही नाही. ‘वायू पसरला की गार होतो’, संपलं! जूल या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४५ मध्येच दाबलेली हवा आतली हवा काढून घेतलेल्या भांड्यात सोडून पाहिली होती. ढकलायला समोर काही नाही, म्हणून तापमानात फरकही दिसला नाही. वर पुस्तिकेत धूळ उडवायच्या स्प्रेचा डबा गार पडण्याचं कारणही हेच दिलंय. त्या डब्यात द्रव असतो, आणि त्याची वाफ होताना उष्णता जाते. गार पडतो मुख्यतः त्यामुळे.

थर्मामीटरबद्दल मात्र मत बदललं. कोरड्या हवेच्या हिशेबाने दाब एकदम निम्मा झाला की २७ अंशांची हवा उणे २७ च्या आसपास जायला हवी. हा दाखवतो २४. मी त्याला महिनाभर शिव्या घातल्या. पण त्याचं जाडजूड टोक गार होईपर्यंत भिंतींनी हवा पुन्हा कोमट केलेली असते, आणि ढग बनताना वाफही आपली उष्णता हवेला देते. तो बिचारा खोटं बोलत नाही, उशिरा पोचतो. बारीक तारेचा थर्मोकपल (तापमान चटकन टिपणारी तारांची जोडी) दिला असता तर बरं झालं असतं.

तीन स्टार. फाटका वायसर डब्यात जपून ठेवलाय. आता कोणाला दाखवायचं झालं तर आधी तो लावतो, मग ट्यूबचा.