पंजा शिकवण्यासाठी क्लिकर: डबीचा की बटणाचा?

कुत्र्याला पंजा किंवा टाळी द्यायला शिकवण्यासाठी वापरला जाणारा क्लिकर हे दाबल्यावर ‘टिक’ असा आवाज करणारे, दीडशे रुपयांच्या आत मिळणारे साधे उपकरण असले, तरी त्याच्या दोन प्रकारांत बराच फरक आहे आणि तो पाकिटावर कुठेच लिहिलेला नसतो. आम्ही ठाण्यात नौपाड्यातील एका दुकानातून दोन्ही प्रकार घेतले आणि आमची देशी कुत्री चिंगी व बोका बंड्या या दोघांसाठी वापरून पाहिले. पहिला प्रकार म्हणजे प्लास्टिकची चौकोनी डबी. तिच्यात पोलादाची पातळ पट्टी बसवलेली असते आणि ती अंगठ्याने दाबून सोडली की ‘टिक-टॅक’ असा खणखणीत आवाज येतो. दुसऱ्या लंबगोल प्रकारात वर फुगीर बटण असते आणि त्याचा आवाज बराच मऊ असतो.

हा आवाज म्हणजे हुकूम नव्हे आणि प्राण्याला जवळ बोलावण्याची खूणही नव्हे. ‘आत्ता जे केलेस, त्याचा खाऊ मिळणार’ एवढेच तो सांगतो. कुत्र्याचा पंजा जमिनीवरून उचलला जातो तो क्षण इतका अल्प असतो की, आपण डब्यातून खाऊ काढेपर्यंत पंजा पुन्हा खाली टेकलेला असतो आणि बक्षीस भलत्याच कृतीला मिळते. क्लिकरचा आवाज मात्र नेमका तो क्षण पकडतो. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांचे विद्यार्थी केलर आणि मॅरियन ब्रेलँड यांनी 1940च्या दशकात प्राण्यांना शिकवताना अशा आवाजाचा उपयोग केला. पुढे हवाई बेटांवर डॉल्फिनना शिट्टीच्या साहाय्याने शिकवणाऱ्या कॅरन प्रायर यांनी ही पद्धत सामान्य श्वानपालकांपर्यंत नेली. डॉल्फिनला पाण्यात गळपट्टा बांधून ओढता येत नाही, हे लक्षात घेतले की या पद्धतीत जबरदस्तीला जागा का नाही, ते सहज कळते.

म्हणूनच डबीच्या पाकिटातील सूचनापत्रक मला सर्वांत सदोष वाटले. त्यात कुत्र्याचा पंजा आपल्या हातात धरून वर उचलावा आणि मग क्लिक करावे, असे सांगितले आहे. तसे केल्याने कुत्रा स्वतः काहीच करत नाही आणि पंजांना हात लावू न देणारा कुत्रा तर अधिकच बिथरतो. चिंगीच्या बाबतीत आम्ही ते पत्रक बाजूला ठेवले. आधी काहीही न मागता केवळ क्लिक आणि लगेच खाऊ, एवढेच चालू ठेवले. आवाज होताच ती खाऊसाठी वळून पाहू लागली, तेव्हा उकडलेल्या चिकनचा वाटाण्याएवढा तुकडा मुठीत धरून मूठ तिच्या छातीच्या उंचीवर नेली. तिने आधी हुंगले, चाटले, नाकाने ढकलले आणि शेवटी पंजाने उकरले. त्याच क्षणी क्लिक करून मूठ उघडली. हे पक्के झाल्यावर रिकामा तळहात पुढे केला आणि त्यानंतरच ‘पंजा दे’ हे शब्द जोडले. टाळीसाठी तोच तळहात हळूहळू उभा करत नेला. गुळगुळीत फरशीवर तीन पायांवर तोल सांभाळताना कुत्रा घसरतो, त्यामुळे खाली सतरंजी हवीच. सांधेदुखी असलेल्या वयस्क कुत्र्याला मात्र या खेळात ओढू नये.

या कामात डबीचा क्लिकर अचूक ठरला, कारण पंखा, टीव्ही आणि खालच्या रस्त्यावरचे रिक्षांचे हॉर्न यांतूनही त्याचा आवाज स्पष्ट ऐकू येतो. परंतु बंद खोलीत तोच आवाज कर्कश वाटतो. बंड्याने पहिल्या क्लिकलाच दिवाणाखाली धाव घेतली आणि बराच वेळ बाहेर येण्यास साफ नकार दिला. डबी मोज्यात गुंडाळली की आवाज दबतो, पण मग पट्टी नीट दाबली जात नाही. शिवाय पावसाळ्यातल्या दमट हवेत आमच्या पट्टीवर गंजाचे ठिपके पडले. बटणाच्या क्लिकरला बंड्या बिचकला नाही आणि पनीरच्या कणासाठी पंजाने हाताला स्पर्श करण्यापर्यंत त्याची प्रगती झाली. त्यापुढे शिकायचे की नाही, हा निर्णय त्याने स्वतःकडे राखून ठेवला आहे. या क्लिकरला मनगटात अडकवण्यासाठी लवचिक पट्टा असल्याने दुसरा हात खाऊसाठी मोकळा राहतो, ही सोयही मोठी आहे.

क्लिकरशिवाय हे जमतच नाही, असे मुळीच नाही. जिभेने काढलेला ‘टक्’ आवाज किंवा ठरावीक सुरात उच्चारलेला एखादा छोटा शब्द हेच काम करतो आणि पंजा देण्याची सवय पक्की झाली की उपकरण कपाटात ठेवता येते. मात्र घरातील चार माणसे चार सुरांत शाबासकी देत असतील, तर सर्वांच्या हातून सारखाच आवाज काढणारे उपकरण घेण्यात अर्थ आहे. मांजर असलेल्या किंवा फटाक्यांना घाबरणारा कुत्रा असलेल्या घरी बटणाचाच प्रकार घ्यावा. सोसायटीच्या आवारात शिकवायचे असल्यास डबी चालेल. दोन्ही प्रकार मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा जागी ठेवावेत, कारण खाऊ न देता दिवसभर टिकटिक केली की प्राणी त्या आवाजाकडे लक्ष देणेच सोडून देतो.