‘लेझरने नस बंद, भरतीत फिट’: या थापेपासून पोरांना सांभाळा

खानापूर, बेळगाव, हुक्केरी, निपाणी या पट्ट्यात ज्यांच्या घरात सैन्यभरतीची तयारी करणारं पोर आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मेडिकलमध्ये ‘व्हेरिकोसील’, म्हणजे अंडकोषातल्या नसा फुगल्यात, असं सांगून बाजूला काढलेल्या पोरांना गाठून लुटणारी माणसं आपल्याकडे फिरताहेत. माझ्या भाच्याचे 65,000 रुपये त्यांनी घेतले आणि उपचार काहीच केला नाही.

मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर बेळगावात. त्यामुळे आमच्याकडे पहाटे रस्त्यावर पळणारी पोरं नाहीत असं गाव सापडणार नाही. भाचाही त्यातलाच. 1600 मीटरची धाव त्याने 5 मिनिटं 30 सेकंदांच्या आत मारली, पुलअप्स झाले आणि मेडिकलला डॉक्टरांनी त्याला उभं करून खोकायला लावल्यावर डाव्या बाजूची फुगलेली नस हाताला लागली. तात्पुरता अनफिट. फेरतपासणीची तारीख मिळाली.

ही गोष्ट पोरं घरात सांगत नाहीत. आईला काय सांगणार? नेमकं हेच त्या एजंटाला ठाऊक असतं. अकॅडमीतल्या कुणीतरी नंबर दिला आणि संध्याकाळीच त्याचा फोन आला. टाका नाही, कापाकापी नाही, लेझरने अर्ध्या तासात नस बंद, फेरतपासणीच्या आधी फिट करून देतो, वर आमची ओळखही आहे. पैसे मात्र रोख आणि लगेच. “मामा, आजच भरा म्हणायलेत, नाहीतर तारीख हुकेल,” एवढंच भाचा मला फोनवर बोलला. बहिणीने पिग्मी मोडली, उरलेले सोसायटीतून उचलले.

एजंट बेळगावचा, पण दवाखाना हद्दीपलीकडे, महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यात. दोन खोल्या, बाहेर पाटी होती, पण नोंदणीचा कागद कुठेच लावलेला नव्हता. भाच्याला आडवं केलं, जांघेत एक इंजेक्शन दिलं, वरून लाल उजेडाचं यंत्र फिरवलं, पट्टी मारली आणि तासाभरात बाहेर काढलं. हातात एक कार्ड दिलं, त्यावर ‘लेझर एम्बोलायझेशन’. बिल मागितलं तर “कार्डच बिल” म्हणाले.

फेरतपासणीत डॉपलर, म्हणजे नसेतलं रक्त कुठे वाहतंय ते दाखवणारी सोनोग्राफी झाली. नस होती तशीच फुगलेली, रक्त उलटं येतच होतं. पुन्हा अनफिट.

त्यानंतर आम्ही त्याला एका युरोसर्जनांकडे नेलं. त्यांनी कागद काढून चित्र रेखाटलं आणि बहिणीलाही समजेल असं सांगितलं. डाव्या वृषणातली नस वर जाऊन मूत्रपिंडाच्या नसेला काटकोनात मिळते. आतल्या झडपा नीट मिटल्या नाहीत की रक्त खाली उतरतं आणि अंडकोषातल्या नसांचं जाळं फुगतं. म्हणून हा त्रास बहुतेकदा डाव्या बाजूला. शंभरातल्या साधारण 15 पुरुषांना तो असतो आणि त्यातल्या कित्येकांना उपचाराची गरजही नसते. दुखत असेल, पोरवयात त्या बाजूचं वृषण लहान राहत असेल किंवा मूल होत नसून वीर्यतपासणी बिघडलेली असेल, तर उपचार करतात. फक्त उजवीकडेच फुगली असेल किंवा आडवं झाल्यावरही उतरत नसेल, तर पोटाची सोनोग्राफी आधी करायची, कारण पोटात गाठ असू शकते. त्या दोन खोल्यांत यातलं काहीही कुणी विचारलं नव्हतं.

मग ते कार्डाकडे वळले. एम्बोलायझेशन हा उपचार खरा आहे, आणि चांगला आहे. तो इंटरव्हेंशनल रेडिओलॉजिस्ट, म्हणजे एक्स-रेवर बघत नळीने उपचार करणारे डॉक्टर करतात, कॅथलॅब नावाच्या खास खोलीत. जांघेतल्या किंवा मानेतल्या नसेतून बारीक नळी घालून, डाय (एक्स-रेत दिसणारं द्रव) सोडून, एक्स-रेच्या पडद्यावर बघत ती खराब नसेपर्यंत नेतात आणि तिथे धातूच्या कॉइल किंवा नस बंद करणारं औषध सोडतात. जागा बधिर करून होतं, बहुतेक पेशंट त्याच दिवशी घरी जातात. दुसरा खरा मार्ग सूक्ष्मदर्शकाखालची शस्त्रक्रिया, जांघेजवळ लहानसा छेद घेऊन. दुर्बिणीतूनही करतात. लेझर पायाच्या व्हेरिकोज व्हेन्ससाठी वापरतात, तेही नसेच्या आत तंतू घालून. अंडकोषावर बाहेरून उजेड फिरवून ही नस बंद होत नाही.

खऱ्या उपचाराचा माग राहतो, हे मला त्या दिवशी पक्कं कळलं. ऑपरेशन झालं तर टाक्याची खूण. कॉइल घातली तर एक्स-रेत ती दिसते, फाइलमध्ये डायच्या फिल्म असतात, कॉइलच्या पाकिटावरचं लॉट नंबरचं स्टिकर चिकटवलेलं असतं. भाच्याकडे यातलं एकही नव्हतं. मूल होत नाही म्हणून धावपळ करणाऱ्या जोडप्यांनाही हीच माणसं गाठतात आणि ‘महिन्यात रिपोर्ट नॉर्मल’ सांगतात. शुक्राणू तयार व्हायलाच सुमारे 74 दिवस लागतात, त्यामुळे खऱ्या उपचारानंतरही फरक बघायला निदान तीन महिने जावे लागतात.

आणि फिट-अनफिट ठरवतो तो फक्त सैन्याचा मेडिकल बोर्ड. बाहेरच्या कुठल्याही डॉक्टरचं सर्टिफिकेट तिथे निकाल बदलू शकत नाही. ‘ओळख आहे’ हे शब्द ऐकले की फोन ठेवा.

हद्दीपलीकडे दवाखाना ठेवण्यामागेही डाव आहे. इकडचे म्हणणार तिकडे जा, तिकडचे म्हणणार एजंट तर तुमच्याकडचा. आम्हाला वकिलांनी दोन वाटा दाखवल्या. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आपण जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगातच तक्रार करता येते, घटनेपासून दोन वर्षांच्या आत. म्हणजे आम्हाला बेळगाव पुरतं. आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम 173 प्रमाणे दखलपात्र गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, पोलिसांना माहिती नोंदवून घ्यावी लागते. दवाखाना कर्नाटकात असेल तर खासगी वैद्यकीय संस्था कायद्याखाली त्याची नोंदणी लागते, त्याची तक्रार जिल्हा आरोग्याधिकाऱ्यांकडे होते.

आमच्या दोन्ही तक्रारी दाखल आहेत. फोन कॉलची नोंद, कार्ड, डॉपलरचा रिपोर्ट आणि पैसे काढल्याचं पासबुक जोडलंय. तसंच कार्ड मिळालेल्या आणखी पोरांच्या घरचे भेटलेत, पण लोकलाजेने पुढे यायला कचरताहेत. माझी हात जोडून विनंती आहे, तुमच्याकडे असं कार्ड असेल तर फाडू नका. पोराला रागावू नका. त्याला आधी युरोसर्जनकडे न्या, नवी डॉपलर करून घ्या आणि तो रिपोर्ट घेऊन पोलीस ठाण्यात या.