गव्हर्नर गेलाय म्हणून पंप खोलायला लावला, आणि खरा बिघाड होता वायसरमध्ये

जुना ट्रॅक्टर वापरणाऱ्यांनी हे वाचाच, माझं झालं ते तुमचं होऊ नये म्हणून लिहितोय. ट्रॅक्टरची रेस एका जागी टिकत नव्हती, हात एक्सलेटर लावून ठेवला तरी इंजिन आपोआप वरखाली व्हायचं आणि रोटाव्हेटर टाकला की बसायचं. मिस्त्रीने नुसता आवाज ऐकून सांगितलं, गव्हर्नर गेलाय, त्याचे आतले वेट (वजनं) झिजलेत, स्प्रिंग ढिली झालीय, डिझेल पंप उतरवून आतलं सगळं नवीन टाकावं लागेल. लोड आला की गव्हर्नर डिझेल वाढवतो आणि लोड गेला की कमी करतो एवढंच मला माहिती, म्हणून मला पटलं.

पंप चकाचक रंगवून परत आला. जुने पार्ट मागितले तर म्हणे भंगारात टाकले. पण ट्रॅक्टर आठ दिवस मस्त चालला, उलट आधीपेक्षा जास्त पळायला लागला, मी खूश! मग परत तेच, आणि वर काळा धूर.

दुसऱ्या मिस्त्रींनी आधी पंपाला हातच लावला नाही. टाकीतून डिझेल ओढणाऱ्या फिडपंपाच्या अलीकडे पारदर्शक नळी जोडून इंजिन चालू केलं, तर नळीत बुडबुडेच बुडबुडे. टाकीकडच्या बँजो बोल्टचा (नळी जोडायचा पोकळ बोल्ट) तांब्याचा वायसर दबलेला होता, तिथून एअर घेत होता, आणि ही ओढणारी बाजू असल्यामुळे बाहेर डिझेल टपकत नाही म्हणून कुणाला दिसतच नाही. पंप बसवताना एअर काढली होती म्हणून आठ दिवस बरं वाटलं. एक्सलेटर रॉडचा बॉल जॉइंटपण इतका ढिला की इंजिनच्या थरथरीने पंपाचा लिव्हर हलायचा.

गव्हर्नरचं झाकण उघडलं तर आत तेच जुने वेट, तीच स्प्रिंग. नवीन काहीच नाही. आणि सगळ्यात राग याचा आला की स्क्रू कुणी फिरवू नये म्हणून लावलेली सीलची तार तोडून डिझेलचा आणि फुल रेसचा असे दोन्ही स्क्रू पिळलेले, म्हणजे मला ताकद वाढल्यासारखी वाटावी. अहो इंजिन ठरलेल्या रेसच्या वर पळालं तर आतून तुटू शकतं, आणि मिनिटाला ५४० फेऱ्यांवर चालायचा पीटीओ (अवजार फिरवणारा मागचा शाफ्ट) पण जास्त फिरतो, मागे जवळ माणूस उभा असला तर?

पंप खोलायला देण्याआधी नळी लावून एअर बघा, रॉड हलवून बघा, सीलच्या तारेचा फोटो काढा, आणि काम झाल्यावर जुने पार्ट हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. माझा पंप आता टेस्ट बेंचवर (पंप तपासायच्या मशीनवर) समोर उभं राहून सेट करून घेतलाय, तारेला नवीन सील मारलंय.