शेवाळ घालवायला गेलो, ११,८६० रुपये घालवून बसलो

छोटा प्लांटेड टँक, म्हणजे माशांसोबत पाणवनस्पती वाढवायची काचपेटी ठेवणाऱ्यांनो, व्हॉट्सॲपवर 'गॅरंटीड अल्गी किलर' म्हणजे शेवाळ मारायचं औषध विकणारा कुणी गोड बोलत आला तर सरळ ब्लॉक करा. कारण विचारू नका. विचारणारच असाल तर वाचा.

जुळे सोलापुरात आमचा दीड फुटी टँक. उन्हाळ्यात जावा मॉस या पाणवनस्पतीवर केसासारखं हिरवं शेवाळ चढलं, ओढलं की मॉसच हातात यायचं. एका ग्रुपवर हा माणूस भेटला. "दादा, लाईट किती तास? खत कुठलं टाकता? खिडकीचं ऊन येतं का?" प्रश्न सगळे बरोबर. अडाणी असता तर मी त्याला दारातही उभा केला नसता. बाटलीचे १,१८० आणि सीओटू किटचे (वनस्पतींना कार्बन डायऑक्साइड द्यायचं) ॲडव्हान्स ४,७५०, असे ५,९३० पाठवले. बाटली आली. किट आजतागायत रस्त्यातच आहे.

बाटलीवर 'हर्बल' छापलेलं, आत काय आहे त्याचा पत्ता नाही, आणि पाणी फिकट निळं. मेहुण्यांची पंढरपूरकडे द्राक्षबाग आहे. बोर्डो या फवारणीच्या औषधासाठी मोरचूद (त्यात तांबं असतं) भिजवलं की बादलीत नेमका हाच रंग दिसतो, मी स्वतः ढवळलंय. तिथंच डोक्यात घंटा वाजायला हवी होती! पण माशांचं मिथिलिन ब्लूही निळंच असतं की. रंगावरून कोण संशय घेतो?

औषध टाकलं. सकाळी चेरी श्रिंप, म्हणजे टँकमधल्या छोट्या कोळंब्या, तळाला आडव्या, पाय तेवढे थरथरत होते. गोगलगायी काचेवरून सुटून खाली पडलेल्या. शेवाळ मात्र जसंच्या तसं. तांबं श्रिंप आणि गोगलगायींना थोडंसुद्धा सोसत नाही. लेबलवर घटक लिहिलेले नसतील तर टँकमध्ये थेंबही टाकू नका.

फोन करून झापलं तर म्हणतो, "दादा, पूर्ण रिफंड देतो, क्यूआर पाठवलाय, स्कॅन करा." वर घाई, "लवकर करा, एक्स्पायर होईल." ॲपने पिन मागितला, टाकला, आणखी ५,९३० गेले. पैसे घेताना पिन लागत नाही हे शेंबड्या पोरालाही कळतं म्हणता? म्हणा. मेलेले श्रिंप समोर, कानाला फोन आणि तो माणूस एकसारखा बोलतोय, अशात तुम्ही स्क्रीन वाचून दाखवा.

आता पुढचा तमाशा. बँकेत गेलो तर, "पिन तुम्हीच टाकला ना? मग आम्ही काय करणार, पोलिसांत जा." पोलीस ठाण्यात हवालदार हसला. "माशाच्या औषधाला एवढे पैसे?" म्हणजे मी औषध घेतलं हाच गुन्हा! नंतर म्हणे सायबरला जा. सायबरवाले म्हणाले, बँकेचं स्टेटमेंट शिक्का मारून आणा. बँकेत शिक्का मारणारे साहेब रजेवर. नंबर आहे, खातं आहे, यूपीआय आयडी आहे, चोराने सगळं स्वतःच्या हाताने लिहून दिलंय. तरी अर्जावर माझ्याच वडिलांचं नाव तीनदा लिहून घेतलं. स्टेटस विचारलं की एकच उत्तर, "प्रोसेसमध्ये आहे."

पैसे गेले की आधी सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३० लावा, मग रडा. यूटीआर, म्हणजे व्यवहाराचा नंबर, लिहून ठेवा, चॅट डिलीट करू नका.

आणि शेवाळाचं म्हणाल तर फुकटात आवरतं. लाईट टायमरवर सहा-सात तास, खिडकीला पडदा, खाद्य निम्मं. हॉर्नवर्टसारखी भराभर वाढणारी वनस्पती टाका, ती खत आधी खाते. आठवड्याला पाव टँक पाणी बदला. आपल्याकडे नळाला पाणी रोज कुठं येतं, तेव्हा आलं की बादलीत भरून ठेवा, त्यातलं क्लोरीन घालवूनच वापरा.

त्याचा जुना नंबर बंद आहे. 'आधी-नंतर'चे तेच फोटो दुसऱ्या नावाने फिरताना दिसले. 'नंतर'च्या फोटोत उजव्या कोपऱ्यात लाल हीटर आहे, 'आधी'च्या फोटोत नाही. टँकच वेगळा आहे.