आगगाडी, बैलगाडी आणि आगीचा बंब: ग्रॅव्हल सायकल, दहा महिन्यांनंतर

गेल्या सप्टेंबरात ग्रॅव्हल सायकल घेतली, म्हणजे खडी-मातीच्या रस्त्यावर चालेल अशी रुंद टायरची सायकल. आता जुलै चालू आहे. मधल्या काळात ३,९०० किलोमीटर झाले, त्यातले निम्म्याहून जास्त कच्च्या रस्त्यावर. घेण्याआधी मी जे अनुभव वाचले होते ते बहुतेक पहिल्या पंधरवड्यातले होते. नव्या नवरीचं कौतुक सगळेच करतात. म्हणून मुद्दाम थांबून, दोन टायर आणि एक हँगर (मागचे गिअर लटकतात तो छोटा तुकडा) खर्ची घातल्यावर लिहितेय.

मी राहते स्पेनमध्ये, कातालोनियातल्या जिरोना शहरात. नोकरी बार्सिलोनाला, ट्रेननं जाऊन-येऊन. १९९० च्या दशकाच्या शेवटापासून व्यावसायिक सायकलपटू इथं मुक्काम करू लागले, आणि आता ग्रॅव्हलवाल्यांची तर ही पंढरीच झालीय. ‘ट्राका’ नावाची ३६० किलोमीटरची कच्च्या रस्त्यावरची शर्यत इथूनच सुटते. बेकरीच्या रांगेत पुढच्याच्या पोटऱ्या बघितल्या की आपण कुठे आहोत ते कळतं. माझ्या पोटऱ्या तशा नाहीत. वय ४४, उजवा गुडघा कुरकुरणारा, कच्च्यावर सरासरी ताशी १४-१५. शर्यतवाल्यांना या लेखाचा उपयोग नाही.

सायकल मधल्या किमतीतली. ॲल्युमिनियमची फ्रेम, कार्बनचा फोर्क, ४० मिलिमीटरचे ट्यूबलेस टायर, हायड्रॉलिक डिस्क ब्रेक, पुढे पायडलपाशी ४० दात्यांचं एकच चाक (चेनरिंग), मागे ११ ते ४२ दात्यांच्या चाकांचा संच (कॅसेट). वजन साडेदहा किलो. अशा सायकली डझनभर कंपन्या विकतात, त्यामुळे नावात अडकू नका.

मला उलगडायला तीन-चार महिने लागले ती गोष्ट अशी: इथल्या डोंगरात कच्चे रस्ते एका जातीचे नाहीत. प्रत्येक रस्ता कुणीतरी काहीतरी ओढण्यासाठी केलाय. काही आगगाडीनं, काही जनावरानं, काही डिझेल इंजिनानं. चढ किती लागणार हे त्यावर ठरतं, आणि सायकल चांगली वाटते की वाईट हेही.

सुरुवात आगगाडीची. जिरोनाहून ओलोटला जाणारी नॅरो गेज रेल्वे होती, रुळांमधलं अंतर ७५० मिलिमीटर. इथले लोक तिला ‘कारिलेत’ म्हणतात. १९६९ मध्ये ती बंद पडली, रूळ निघाले, आणि त्या जागी आता सायकलींचा मार्ग आहे, पन्नास-पंचावन्न किलोमीटरचा. जिरोना समुद्रसपाटीपासून जेमतेम ७० मीटरवर, वाटेतली सर्वांत उंच जागा सहाशेच्या थोडी वर. वाफेच्या इंजिनाला झेपावा म्हणून चढ इतका पसरून दिलाय की आपण चढतोय हे फक्त घामाला कळतं. आमेर गावचा कमानींचा चौक लागतो (पहिल्यांदा पाटी वाचून मला राजस्थान आठवलं), जुन्या स्टेशनांच्या इमारती लागतात, आणि बास खोऱ्यात उतरलं की मक्याची शेतं. हॉस्तालेत्स द’एन बास नावाच्या खेड्यात एक गल्ली आहे, तिथल्या घरांना लांबच लांब लाकडी गॅलऱ्या. पूर्वी मक्याची कणसं तिथंच वाळत घालायचे. जानेवारीत या खोऱ्यात धुकं इतकं दाट असतं की हँडलवर हातमोजे गोठतात.

या रस्त्याला ही सायकल लागत नाही, हे स्पष्ट सांगते. साध्या हायब्रिडवर, अगदी मुलांच्या सायकलवरही होईल. पहिले दोन महिने मी इथंच फिरले आणि ‘काय गुळगुळीत चालते!’ म्हणून खूश होते. त्या रेल्वे इंजिनिअरांचं श्रेय मी सायकलला देत होते.

ओलोटच्या आसपास मात्र मला माहेरी आल्यासारखं होतं. माझं बालपण कराडचं, काळ्या दगडाच्या राज्यातलं. ‘गारोचा’ नावाचा हा प्रदेश ज्वालामुखींचा, चाळीसेक शंकू, आणि काळा बेसाल्ट सगळीकडे. कास्तेल्फोयित दे ला रोका हे गाव तर बेसाल्टच्या पन्नासेक मीटर उंच कड्याच्या धारेवर एका ओळीत बसवलंय. आपल्या सह्याद्रीचा बेसाल्ट साडेसहा कोटी वर्षांचा. इथला दोन लाखांचा, म्हणजे कालचा. सांता मार्गारिदा नावाच्या ज्वालामुखीच्या मुखात गवताचं कुरण आहे आणि मधोमध एक छोटं चर्च. तिथं सायकल हातात धरून जावं, पायी येणाऱ्यांची गर्दी असते. नंतर सांता पाउ गावात तिथल्या बारक्या पांढऱ्या घेवड्याची उसळ खावी. उसळ मीच म्हणते. ते तिला काही भलतंच म्हणतात आणि फोडणी देत नाहीत.

आता दुसरी जात, गाडीवाटा. जिरोनाच्या पूर्वेला, गावारेसच्या डोंगरांपलीकडे, एम्पोर्दाच्या सखल भागात मोनेल्स, पेरातायादा अशी दगडी गावं पाच-सात किलोमीटरच्या अंतरानं विखुरली आहेत. त्यांना जोडणाऱ्या मातीच्या वाटा बैल-खेचरांच्या काळातल्या. चढ आहे, पण जनावर ओढेल इतकाच. ही सायकल खरी शोभते ती इथं. वाट शेतांच्या बांधावरून वळत जाते, कडेला दगड नुसते एकावर एक बसवलेल्या भिंती, चुना-माती काही नाही. २०१८ मध्ये ही कोरड्या रचाईची कला युनेस्कोच्या यादीत गेली, स्पेनसह आठ देशांची मिळून. आमच्याकडे गडग्याला कुणी यादीत घालत नाही. असो.

पेरातायादाच्या नावाचा अर्थच ‘कापलेला दगड’. गावाभोवतीचा खंदक खडकात खोदलेला. वेशीतून आत शिरताना पायाखाली फरशी नाही, मूळ खडकच आहे, आणि त्यात गाड्यांच्या चाकांनी झिजून पडलेल्या चाकोऱ्या. चाकोरी हा शब्द मी आयुष्यभर निबंधात वापरला, डोळ्यांनी बघितली ती इथं. पुढचं चाक त्या खाचेत बरोबर बसलं, आणि हँडल वळवायला गेले तर वळेना. आडवीच झाले. ताशी चारच्या वेगात पडल्यानं लागलं काही नाही. बाकावर बसलेल्या एका आजोबांनी सायकल उचलून दिली, टायर दोन बोटांत दाबून बघितला आणि म्हणाले, “नोया, हवा जास्त आहे.” नोया म्हणजे पोरी. चव्वेचाळिसाव्या वर्षी पोरी म्हणवून घ्यायला मी रोज पडायला तयार आहे.

आजोबांचं खरं होतं. दुकानातून ५० पीएसआय भरून दिली होती आणि मी महिनोन् महिने तेवढीच भरत होते. माझं वजन ६३ किलो. उतरवत उतरवत आता पुढे २८, मागे ३१ वर आलेय. फरक एवढा की मनगटांचा ठणका गेला, आणि वळणावर सुट्या खडीत मागचं चाक सटकायचं ते थांबलं. दहा महिन्यांत केलेली सगळ्यात मोठी सुधारणा फुकटात झाली. ट्यूबलेस असल्यानं कमी हवेत ट्यूब चिमटून पंक्चर व्हायची भीती नाही, काट्यांची भोकं आतला चिकट द्रव परस्पर बुजवतो. तो द्रव इथल्या उन्हाळ्यात दोन-अडीच महिन्यांत सुकतो. हलवून बघा, आत डुचमळलं नाही तर भरा.

तिसरी जात म्हणजे आगीचे रस्ते, आणि माझी सगळी तक्रार इथली आहे. भूमध्यसागरी डोंगरात उन्हाळ्यातला वणवा ही कायमची धास्ती. बंब जंगलात शिरावा म्हणून नाकासमोर चढणारे रस्ते काढलेत. अतिचढावर मध्येच काँक्रीट ओतलेलं असतं. काँक्रीट दिसलं की ओळखायचं, आता छातीचा भाता होणार. चारचाकी डिझेल गाडीला १८ टक्के चढ म्हणजे काहीच नाही. माणसाला पुढे ४० ची चेनरिंग आणि मागे सगळ्यात मोठं ४२ दात्यांचं चाक असेल तर उतरून ढकलणं आलं. एल्स आंजल्सच्या टेकडीवर, जिथल्या छोट्या चर्चमध्ये १९५८ साली चित्रकार साल्वादोर दाली आणि त्याची सहचरी गाला यांचं लग्न लागलं, तिथं मी मागच्या अंगाच्या कच्च्या वाटेनं तीनदा गेले. तिन्ही वेळा शेवटचा टप्पा सायकलनं मला नव्हे, मी सायकलला नेलं.

विकणारे सांगतात ‘वन बाय’, म्हणजे पुढे एकच चेनरिंग, हे सोपं; साखळी सरकवणारा पुढचा डिरेलर नको, कटकट नको. कटकट खरंच नाही. पण नवीन सायकलीवर येणारे गिअर कुठल्या तरी तगड्या पंचविशीतल्या पोरासाठी ठरवलेले असतात. फेब्रुवारीत मी ४० ची काढून ३६ ची चेनरिंग बसवली. त्यानंतर तीच वाट बसून चढले, रडत-धापत, पण बसून. उतारावर ताशी ३८-३९ च्या पुढे पाय नुसते भिरभिरतात. माझ्यासारखीला तेवढा वेग पुष्कळ झाला.

गावारेसच्या बऱ्याच भागात पाटीचा दगड आहे, पापुद्र्यांचा. त्याच्या उभ्या धारेनं नोव्हेंबरात मागच्या टायरची कूस चार सेंटिमीटर फाडली. तिथं कुठला द्रव पुरतो! पाच युरोची नोट घडी करून आतून लावली, ट्यूब घातली आणि २२ किलोमीटर घरी आले. नोट अजून चलनात आहे. रोमान्याच्या बाजूला उलट ग्रॅनाइट कुजून झालेली जाड वाळू. तिथं ४० चा टायर रुततो. नवे टायर मी ४५ चे, जाड कुशीचे घेतलेत. फ्रेममध्ये जेमतेम मावतात, चिखलात घासतील.

हँगरची कथा थोडक्यात. मागचा डिरेलर ज्या छोट्या तुकड्याला लटकतो तो एका पडण्यात वाकला. सरळ करताना तुटला. फक्त त्याच मॉडेलला बसणारा, दुकानात नाही, कंपनीकडे मागवला. आला साडेतीन आठवड्यांनी, तेही ऐन एप्रिलात. आता दोन जास्तीचे हँगर सीटखालच्या पिशवीत असतात. सायकल घेतानाच मागा.

पायडल फिरतात तिथल्या खालच्या बेअरिंगमधून सातव्या महिन्यापासून करकर येते, दुकानदार म्हणतो धूळ, मी म्हणते तोच म्हातारा झालाय. सीट पहिल्याच महिन्यात बदलली. त्याबद्दल बायकांनी मला वेगळं विचारा.

इथं ग्रॅव्हल करायला कुणी येणार असेल तर ऋतूचं सांगते. पानगळीत आणि हिवाळ्यात शनिवार-रविवारी हाका घालून रानडुकरांची शिकार असते, ‘बातुदा’ अशी पाटी दिसली की निमूट मागे फिरायचं. हिवाळा सरताना पाइनखाली एकामागोमाग एक रांगेत चालणाऱ्या केसाळ सुरवंटांना हात लावू नका, खाज आठवडाभर जात नाही. आणि सर्वांत देखणा महिना जून, कारण बूच काढतात.

आपल्याकडच्या पांढऱ्या फुलांच्या बुचाच्या झाडाचा याच्याशी संबंध नाही. हा ओक. साल पहिल्यांदा काढायला झाड तीसेक वर्षांचं व्हावं लागतं, पुढची बारा-चौदा वर्षांनी. गेल्या महिन्यात रोमान्याखालच्या वाटेवर दोघे जण काम करत होते. कुऱ्हाडीचा उभा घाव, खोल नाही, आतल्या लाकडाला लागता कामा नये. मग कुऱ्हाड उलटी धरून दांड्याचं पाचरीसारखं टोक फटीत घालायचं आणि उचलायचं. ओलं कापड फाडल्यासारखा आवाज येतो आणि माणसाच्या उंचीची साल एकसंध सुटते. आत खोड लालसर, ओलसर, सोलल्यासारखं उघडं. मी वीसेक मिनिटं सायकलला टेकून उभी होते. त्यांनी विचारलं, सायकल बिघडली का? नाही म्हटलं. मग बघायला काय थांबलीस, असा चेहरा करून ते पुढच्या झाडाकडे गेले.

या आठवड्यात वणव्याच्या धोक्याची पातळी वर गेल्यानं गावारेसचे रस्ते बंद आहेत. सायकल गच्चीत उलटी करून ठेवलीय आणि बेअरिंग खोलून बसलेय. आत धूळच निघाली. दुकानदाराला अजून सांगितलेलं नाही.